गुरुवारचा वरणभात

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



धकाधकीत श्रद्धा कशी जपतेस, यावर बोल असं संयोजकांनी सांगितलं. मी सॉफ्टवेअरमधली बाई, प्रवचन मला जमणार नाही. त्यापेक्षा माझी एक चूक सांगते. तिच्याशी संबंध असलेली मैत्रीण समोरच बसली आहे. तिला विचारूनच बोलते आहे.

माझी आई नर्स होती. तिची दुपारपाळी असली की शाळा सुटल्यावर मी या मैत्रिणीच्या चाळीत जायचे. एक खोली, माणसं सहा. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, ‘जेवणार का?’ असं कधी विचारत नसत. सरळ ताट वाढत. आम्ही ख्रिस्ती, त्यांच्या घरी पंढरीची वारी. मी जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचे, तेवढा वेळ काकू आमटीचा डाव हातात धरून थांबायच्या.

आता मी भायखळ्यातच, पण टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहते. कुणी आलं की वॉचमन ॲपवर नाव पाठवतो, आपण होकार किंवा नकार दाबायचा. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉलवर होते. फोन वाजला. नाव न वाचताच मी नकार दाबला. रात्री खाली गेले तेव्हा वॉचमनने पिशवी दिली. आत थोरल्या नातवाची लग्नपत्रिका आणि डबाभर बेसनाचे लाडू. दुखऱ्या गुडघ्यांनी काकू बसने आल्या होत्या आणि गेटवरूनच परतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. काकू म्हणाल्या, “अगं, कामात असशील. बस, खाऊन जा.”

नव्या करारात आदरातिथ्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘फिलोक्सेनिया’, म्हणजे परक्यावरचं प्रेम. मी तर आपल्याच माणसाला परकं केलं होतं.

वेळ नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. घर चकाचक हवं, चार पदार्थ हवेत, तरच बोलवायचं. म्हणून कुणालाच बोलवत नव्हते. लूकच्या शुभवर्तमानातली मार्था आठवा. घरी येशू आलेला, आणि ती कामानेच त्रासलेली. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. रेव्हरंड टिळक वेळी-अवेळी माणसं घेऊन येत, आणि घरात काय आहे, काय नाही याची काळजी लक्ष्मीबाईंना. पाहुणचार टिकायचा तर कष्ट एकीवरच पडून चालत नाही, हे मला तिथे उमगलं.

म्हणून आमच्या घरी आता गुरुवार ठरला आहे. साडेसातनंतर कॉल नाही. वरण, भात, एक भाजी, लोणचं. भात नवरा लावतो, ताटं मुलगी मांडते. घर आवरायचं नाही. गुरुवारी येणाऱ्याला अडवू नका, असं वॉचमनला सांगून ठेवलं आहे.

सगळं छान जमतं असं नाही. रिलीजपायी कितीतरी गुरुवार बुडाले. कधी कुणीच येत नाही. कधी कुणी बारापर्यंत मन मोकळं करतं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये मी जांभया देते. पण समोरच्या फ्लॅटमधला एकटा राहणारा मुलगा पहिल्यांदा जेवून उठला तेव्हा म्हणाला, “दोन वर्षं झाली, या इमारतीत आज पहिल्यांदा कुणाच्या घरात बसलो.” त्याचं नावही मला त्या दिवशीच कळलं.

काकूही एका गुरुवारी आल्या. मी विचारलं नाही, ताट वाढलं. प्रार्थना करून डोळे उघडले, तर त्या अजून घास न उचलता थांबल्या होत्या.

तुम्हीही या. कळवलंच पाहिजे असं नाही. गेटवर फक्त माझं नाव सांगा.