चावडी आता फोनात



आज मी सातबाऱ्याबद्दल बोलणार आहे. "ते तर माणसांचं काम," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत होते आणि ते मला महागात पडलं.

आमचं वावर काटोल तालुक्यात. थोडी संत्र्याची झाडं, बाकी कपाशी. बारा वर्षांपूर्वी बाबा गेले. भावांनी वारसांची नोंद करून घेतली. तीन वर्षांनी गारपिटीत संत्रा झडला. मदतीच्या यादीसाठी आईनं सातबारा काढायला लावला, तर त्यावर फक्त दोन्ही भावांची नावं. बाबांचं नाव कंसात. आईनं विचारलं, "माझं नाव कुठं गेलं?" नाव कुठंच गेलं नव्हतं. ते लागलंच नव्हतं.

भावांच्या मनात कपट होतं असं मी म्हणणार नाही. अर्जात त्यांनी स्वतःची नावं लिहिली. आई तर घरातलीच, आणि आम्ही बहिणी सासरी. फेरफाराची नोटीस नियमाप्रमाणे चावडीच्या फळ्यावर लागली होती. पण चावडीवर बाया कधी जातात? कोणी हरकत घेतली नाही, नोंद मंजूर झाली. ती सुधारायला आम्हाला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावं लागलं, उशीर का झाला तेही सांगावं लागलं. दोन वर्षं गेली. जे काम एका साध्या कागदावर झालं असतं, त्यासाठी वकील करावा लागला.

आता हे सगळं चालतं कसं ते समजून घेऊ. फेरफार म्हणजे बदल. पटवाऱ्याकडं गाव नमुना सहा असतो, ती फेरफाराची नोंदवही. जमिनीच्या हक्कात काही बदललं, विक्री झाली, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, की तिथं एक क्रमांक पडतो. मग तो बदल सातबाऱ्यावर येतो. जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. म्हणजे कोण गेलं, कोण आलं, कशामुळं आलं, याचा माग राहतो. फार शहाणी पद्धत आहे ही.

हीच वही आता संगणकावर आहे. तिला ई-फेरफार म्हणतात. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती संगणकावरूनच तहसीलला जाते आणि त्यावरून फेरफार धरला जातो. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही घरबसल्या मिळतो, १५ रुपयांत. नुसता पाहायचा असेल तर महाभूलेखवर फुकट.

पण एक लक्षात ठेवा. यंत्र बदल टिपतं, न्याय करत नाही. मेलेल्या माणसाला दोन मुली आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही, तर ते कसं कळणार? ते पाहणं आपलंच काम.

आणि आता ते सोपं झालंय. महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' म्हणून एक जागा आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडा. गावात चालू असलेले फेरफार दिसतात. कोणत्या गटाचा, कशाचा, हरकतीची शेवटची तारीख कोणती, सगळं. ज्या फळ्यापर्यंत आपले पाय पोचत नव्हते, तो फळा आपल्या फोनात आलाय.

मी काय करते ते सांगते. आमच्या गटाचा सातबारा एकदा काढून फोनात ठेवला, नावात तारीख घालून. त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख असते. तो क्रमांक वहीत लिहिला. आता दर रविवारी सकाळी नऊला फोनचा गजर वाजतो, "चावडी पाहा." गजर एकदाच लावला, पुढं तो आपोआप वाजतो. महिन्यातून एकदा पाहिलं तर चालणार नाही का? नाही चालणार. हरकतीची मुदत १५ दिवसांची, महिनाभरात ती येऊन निघूनही जाते. चावडीवर आपला गट दिसला नाही आणि क्रमांकही तोच असला, तर दोन मिनिटांत काम संपतं. क्रमांक बदललेला दिसला तर थांबायचं. नावं, हेक्टर-आर आणि इतर हक्कातला बोजा, हे तिन्ही जुन्या कागदाशी ताडून पाहायचे.

चुकीचं काही दिसलं तर भांडत बसू नका. मुदतीच्या आत पटवाऱ्याकडं लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. लेखी हरकत आली की ती नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणी झाल्याशिवाय मंजूर होत नाही.

कायदा आपल्या बाजूला आहे. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. नवऱ्याच्या मागं बायकोही वारस असतेच. हक्कसोड करायची की नाही ते ज्या त्या बहिणीनं ठरवावं. पण ते तिनं ठरवलेलं असावं, तिच्या नकळत होऊन गेलेलं नसावं.

शहरातल्या बहिणींनो, तुमच्या प्लॉटचा सातबारा नसेल तर मालमत्ता पत्रक असेल. नगर भूमापन कार्यालयातून तेही काढून ठेवा.

आज आईचं नाव सातबाऱ्यावर आहे, आम्हा बहिणींचीही आहेत. भाऊ राखीला येतात, बोलणं बंद नाही. आईला वाचता येत नाही. तरी रविवारी गजर वाजला की ती हाक मारते, "पाहिलं का गं? आहे ना नाव?" मी तिला स्क्रीन दाखवते. ती त्या ओळीवर बोट ठेवते, मगच चहा घेते.

तुमचा गजर आजच लावा.