अत्यवस्थाच्या उशाशीं गुरु आणि शिष्य

रोगी अत्यवस्थ झाला म्हणजे घरचीं माणसें प्रथम 'मोठे डॉक्टर कोठें आहेत?' असें विचारतात. परंतु रात्रभर त्या रोग्यावर नजर ठेवतात ते बहुधा शिकाऊ तरुण डॉक्टर आणि परिचारिका. तेव्हां त्या तरुणाचा हात कोणीं घडविला, हाच खरा प्रश्न होय. त्याचें उत्तर एका सोलापूरकराच्या चरित्रांत सांपडतें.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरांत १९१० सालीं झाला. मुंबईस वैद्यकीय शिक्षण पुरें करून १९३८ सालीं, राष्ट्रसभेनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून, ते युद्धग्रस्त चीनमध्यें गेले. १९४० च्या एका मोहिमेंत १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमी त्यांच्याकडे आले आणि ५५८ शस्त्रक्रिया झाल्या. पुढें १९४१ त, कॅनडाचे दिवंगत शस्त्रवैद्य नॉर्मन बेथून यांच्या नांवें चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

एवढा भार एका हातानें पेलणारा नव्हता. कोटणिसांनीं चिनी भाषा आत्मसात केली, त्याच भाषेंत ते शिकवूं लागले व शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकही त्यांनीं लिहावयास घेतलें. जखमी खोळंबले असतां शिकविण्यांत वेळ कां दवडावा, असें कोणी म्हणेल. परंतु ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, अपस्मारानें ते निवर्तले. विद्या त्यांच्याच बोटांत राहिली असती, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

आजच्या अतिदक्षता विभागांत श्वासयंत्रें आलीं, हृदयाची गति पडद्यावर दिसूं लागली. तत्त्व मात्र तेंच आहे. शिष्य श्वासनलिकेंत नळी घालीत असतां गुरूनें शेजारीं उभें राहावें. हात शिष्याचा, जबाबदारी गुरूची. रक्तदाब उतरूं लागतांच वरिष्ठांस हांक मारणें ही शिष्याची नामुष्की नव्हे. आणि मध्यरात्रीं त्या हांकेला ओ देणें हा गुरूचा उपकार नव्हे, तें त्याचें कर्तव्य होय. जेथें हांक मारण्याचेंच भय वाटतें, तेथें रोगी दगावतो. तसेंच, पाळी बदलतांना प्रत्येक रोग्याची हकीकत पुढच्या डॉक्टरास तोंडीं व लेखी देण्याची शिस्तही वरिष्ठांनींच लावावयाची असते.

सोलापुरांत १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कोटणिसांचें स्मारकही आहे. स्मारकास हार घालणें सोपें आहे. शिकाऊ डॉक्टराच्या पाठीशीं रात्रीं उभें राहणें कठीण. पण कोटणिसांचें खरें स्मरण तेंच.