पोलाद चांगलं की अ‍ॅल्युमिनियम?



माझं काम एका वाक्याचं: यंत्राचा कुठला भाग कशाचा करायचा ते ठरवणं. त्यामुळे लग्नकार्यातही लोक विचारतात, पोलाद चांगलं की अ‍ॅल्युमिनियम? मी विचारतो, कशासाठी?

पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट ताठ. आकडेच सांगायचे तर साधारण 210 आणि 70 गिगापास्कल. पण ते जवळजवळ तिप्पट जडही आहे. म्हणून नुसता ओढ घेणारी सळई करायची असेल, तर सारख्या ताठपणासाठी दोन्हींचं वजन जवळपास सारखंच भरतं. वाकण्याचं गणित वेगळं. तिथे जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. (घन कशाला शिकायचे, असं आपण गणिताच्या तासाला कुरकुरायचो ना!) 10 मिलिमीटर जाड पोलादी पट्टीच्या जागी तेवढीच लांब-रुंद अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे साडेचौदा मिलिमीटर जाड घेतली, तर ती तितकीच ताठ होते आणि वजन निम्मं. सारख्या जाडीच्या पट्ट्या वाकवून निकाल देणारे अ‍ॅल्युमिनियमवर अन्याय करतात. किलोचा भाव विचारणारेही तसेच. भाव नगाचा विचारावा.

शिवाय अ‍ॅल्युमिनियम म्हणजे कुठलं? 6061 हा एकच मिश्रधातू घ्या. मऊ स्थितीत तो सुमारे 55 मेगापास्कलला कायमचा वाकतो, उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला सुमारे 275 ला. एकाचा मऊ तुकडा आणि दुसऱ्याचा कडक, ही कसली तुलना?

केंब्रिजच्या मायकेल अ‍ॅशबींनी धातू, लाकूड, प्लॅस्टिक सगळे एकाच तक्त्यावर मांडले. वजनाच्या मानाने वाकण्याला विरोध पाहिला तर साधं लाकूड त्यात दोन्ही धातूंच्या पुढे जातं.

आता आपल्या घरचं. तुकडीतर्फे शाळेला शिडी द्यायची आहे आणि सगळ्यांचा कल अ‍ॅल्युमिनियमकडे आहे. हलकी, स्वस्त, गंजत नाही, सगळं खरं. पण तिच्यावर चढून ट्यूबलाइट आणि पंखे दुरुस्त होणार, आणि अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते. इथे वजन आणि किंमत नंतर, आधी शिपाईमामांचा जीव. माझं मत फायबरग्लासला. ती जड आहे, महागही आहे, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर खराब होते. दरपत्रकं मागवताना उंची आणि भार एकच लिहा, आणि जिन्याखाली ती आडवी मावेल का, एवढं मुख्याध्यापकांना आजच विचारून घ्या.