बोलण्याची लटकी गोळी

पिठाची गोळी खऱ्या औषधासारखी करणे अवघड नाही. रंग, आकार, चव जुळली की घेणाऱ्याला व देणाऱ्याला फरक कळत नाही. आलेला गुण औषधाचा की विश्वासाचा, हे मग निवडता येते. पण जेथे उपचार म्हणजे बोलणेच, तेथे लटके बोलणे कसे करावयाचे?

आपल्या बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. तेथील दोन जिल्हा रुग्णालयांतील एक प्रयोग २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उदासीनता व चिंता यांनी गांजलेल्या ४५० रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट पाडले. एकास फ्लुओक्झेटीन, दुसऱ्यास तशीच दिसणारी लटकी गोळी, तिसऱ्यास समुपदेशन. दोन महिन्यांनी औषध लटक्या गोळीहून सरस ठरले. समुपदेशन ठरले नाही.

म्हणून बोलणे निरुपयोगी, असे मला म्हणवत नाही. गोळीवाल्यांना आपल्या हाती काय पडले ते ठाऊक नव्हते. समुपदेशनवाल्यांना पुरते ठाऊक होते. दवाखान्यातून औषधावाचून परतणे आपल्याकडे कोणास रुचते?

गोव्यातच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४९५ नैराश्यग्रस्त होते. या कामापुरते तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना सुटलेली कामे व आवडी पुन्हा हाती घ्यावयास लावल्या. तीन महिन्यांनी त्यांतील शेकडा ६४ नैराश्यातून बाहेर आले. केवळ डॉक्टरांच्या देखरेखीवर राहिलेल्यांतील ३९. अंतर मोठे खरे, परंतु दुसऱ्या गटाकडे इतक्या वेळा कोण गेले होते? गुण कामांचा, की विचारपूस करणाऱ्या माणसाचा?

समजा, असा प्रयोग निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांसाठी करावयाचा आहे. दुसऱ्या गटालाही तितक्याच भेटी, तितकाच वेळ, तशीच जिव्हाळ्याने बोलणारी बाई हवी. ती ऐकून घेईल, झोपेविषयी, आहाराविषयी सांगेल. कामांचा आराखडा तेवढा आखून देणार नाही. आणि याने बरे का वाटेल, याचे पटेल असे कारणही तिच्याजवळ हवे. हजार विड्यांमागे मजुरी मिळते. नुसत्या ‘बसा, बोलू या’साठी ती बुडवून तिसऱ्या आठवड्यास कोण येईल?

पहिल्या भेटीनंतरच विचारावे, ‘याने गुण येईलसे वाटते का?’ बोर्कोवेक व नाउ यांनी १९७२ साली विद्यार्थ्यांना असेच विचारले, तेव्हा लटक्या उपचारांची समर्थने खऱ्यांइतकी पटत नसल्याचे दिसले.

यात फसवणूक नको. भेटी दोन प्रकारच्या आहेत, अधिक गुणकारी कोणती ते आम्हांस ठाऊक नाही, हे प्रथमच सांगावे. आणि ‘जीव नकोसा झालाय’ म्हणणारीची चिठ्ठी मुळीच टाकू नये. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.