पंचशील आणि आपलं ताट

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी पंडित नाही. सूतगिरणीत पाळी करून उरलेल्या वेळात जे वाचलं, त्यावर बोलतो.

माझ्या धाकट्या मुलीने वर्षापूर्वी मटण-मासे सोडले, मग अंडी, मग दूधसुद्धा. याला व्हीगन म्हणतात म्हणे. दूध कशाला सोडलं विचारलं, तर म्हणाली, "नर रेडकू गोठ्यात कोण पोसतं?" पुढे म्हणाली, "पप्पा, रोज 'पाणातिपाता वेरमणी' म्हणता, आणि रविवारी कोंबडी कापायला कोण सांगतं?"

मी जीवक सुत्त काढलं. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्खूने घेऊ नये, एरवी चालतं. देवदत्ताने मांसबंदीचा नियम मागितला, तोही तथागतांनी केला नाही.

पोरगी म्हणाली, "भिक्खूच्या पात्रात पडेल ते तो घेतो. तुम्ही तर दुकानात जिवंत कोंबडीकडे बोट दाखवता."

मी गप्प झालो. खरं आहे बंधूंनो. उपासकाने मांसाचा व्यापार करू नये, असंही तथागतांनी सांगितलं. मग विकणारा दोषी आणि विकत घेणारा मोकळा, हे कसं?

पण दुसरी बाजूही ऐका. एकदा मी भाड्याने खोली बघायला गेलो. मालकाने आधी विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" त्या प्रश्नामागे जात लपली होती. असल्या शाकाहारात करुणा नाही, सोवळं आहे. कोंबडीवर दया आणि माणसाला दाराबाहेर!

सोडणं आपल्याला नवीन नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडलं, ते स्वाभिमानासाठी. कुणी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून नव्हे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही. नियम बांधून टाकतो. तत्त्व विचार करायला लावतं. मग प्रत्येकाने स्वतःला विचारावं, माझी गरज किती आणि जिभेचे लाड किती? बोंबलाच्या चटणीवर भाकरी खाणाऱ्या म्हातारीला हा प्रश्न विचारू नका. माझ्यासारख्या कमावत्याने तो स्वतःला विचारावा.

मी सगळं सोडलेलं नाही, खोटं कशाला बोलू? रविवारची कोंबडी बंद केली. घरात मुलीच्या ताटाला कुणी हसत नाही, आणि तीही आईच्या कालवणाला नाक मुरडत नाही. विहारातही असंच असावं. करुणेने सोडणाऱ्याचा मान राखा, पण ताट बघून कुणाचं बौद्धपण मोजू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!