मनाचें औषध बदलतांना

श्रोतेहो, आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो आपल्याकडे सहसा दिवाणखान्यांत निघत नाहीं. निघालाच तर माजघरांत, आणि तोहि दबक्या आवाजांत. मधुमेहाची गोळी आपण पानाशेजारीं उघड ठेवतों. मनाच्या औषधाची गोळी मात्र कपाटांतील कपड्यांच्या घडीखालीं असते. माझी गोळी अकरा वर्षें तेथेंच होती. ती बदलण्याच्या वेळीं माझ्या हातून काय चूक झाली आणि त्या चुकीनें मला काय शिकविलें, तें आज सांगावें असें योजिलें आहे. मी डॉक्टर नव्हें. मुलांना अंकगणित शिकविण्यांत आयुष्य घालविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. तेव्हां औषध कोणतें घ्यावें हें मी सांगणार नाहीं. तो अधिकार तुमच्या डॉक्टरांचा.

वयाच्या बावन्नाव्या वर्षीं मला नैराश्याच्या दुखण्यानें गांठलें. पहांटे तीनला जाग येई ती येईच. अन्नावरची वासना गेली. फळ्यासमोर उभा राहिलों कीं जन्मभर शिकविलेल्या त्रैराशिकाची मांडणी आठवेना. डॉक्टरांनीं पॅरॉक्सेटीन नांवाची २० मिलिग्रॅमची गोळी दिली. पांच-सहा आठवड्यांत मी पुन्हां माणसांत आलों. त्या गोळीचें ऋण मी आजहि नाकारीत नाहीं. पुढें ती चालूच राहिली. ती थांबवावी काय, असें ना मीं विचारलें, ना कोणी मला विचारलें.

त्रेसष्टाव्या वर्षीं तोंडाला सतत कोरड पडूं लागली, बद्धकोष्ठ झालें आणि लघवीला अडूं लागलें. साठी उलटल्यावर पॅरॉक्सेटीनचे हे परिणाम अधिक जाचतात. डॉक्टरांनीं तें हळूहळू काढून त्याऐवजीं रात्रीं घेण्याचें मिर्टाझापीन नांवाचें दुसरें औषध आणण्याचें ठरविलें. एक उतरेल, दुसरें चढेल, मधल्या काळांत दोन्हीं बरोबर चालतील, असें त्यांनीं कागदावर लिहूनहि दिलें. पण मी पडलों गणिताचा मास्तर! नवें आलें, म्हणजे जुनें गेलें, जमा-खर्च बरोबर. मीं त्याच रात्रीं जुनी गोळी बंद केली आणि कागद पंचांगांत ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं तोंड धुण्यासाठीं मान खालीं घातली, तों डोक्यांतून विजेची बारीक चमक निघून गेल्यासारखें झालें. डोळे डावीकडून उजवीकडे फिरविले कीं पुन्हां तेंच. पायांखालची फरशी होडीसारखी हलूं लागली. पोटांत मळमळ, अंगाला घाम, आणि रात्रीं इतकीं स्पष्ट व भयंकर स्वप्नें कीं जागें झाल्यावरहि खरें कोणतें तें कांहीं वेळ कळूं नये. सर्वांत वाईट म्हणजे रडूं. नातवाची पेन्सिल मोडली म्हणून माझे डोळे भरून आले; आणि घटकाभरानें त्याच नातवावर मी असा ओरडलों कीं तें पोर आजीच्या पदरामागें लपलें.

घरांत दोन मतें पडलीं. मुलगा म्हणाला, "बाबांचें दुखणें उलटलें." माझे मेहुणे म्हणाले, "भाऊजी, हें व्यसनच म्हणावयाचें. एकदांच काय तें सोसा आणि मोकळे व्हा." पत्नी कांहींच बोलली नाहीं, ती माझ्या उशाशीं बसून राही. दहाव्या रात्रीं मीं मनाशीं निकाल देऊन टाकला कीं, आपलें मन मूळचेंच मोडकें आहे. अकरा वर्षें गोळीनें तें नुसतें झांकून ठेवलें होतें. अशा मनासह पुढें जगून तरी काय करावयाचें, हा विचारहि त्या रात्रीं येऊन गेला. तो मीं पत्नीला बोलून दाखविला, हेंच माझें भाग्य. सकाळ होतांच तिनें मला डॉक्टरांकडे नेलें.

डॉक्टरांनीं सर्व ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न केला, "मास्तर, जुनी गोळी शेवटची केव्हां घेतलीत?" मीं दिवस सांगितला. ते म्हणाले, "मग हें दुखणें परतलेलें नाहीं. औषध एकाएकीं सुटल्याचा हा क्षोभ आहे." जुनी गोळी पुन्हां सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशीं ती डोक्यांतली चमक थांबली. फरशी स्थिर झाली. मीं नातवाला नवी पेन्सिल आणून दिली.

श्रोतेहो, हें असें कां होतें? मेंदूंतील मज्जातंतू एकमेकांस जे निरोप धाडतात, त्यांत सेरोटोनिन नांवाचें एक द्रव्य असतें. निरोप पोंचल्यावर तें द्रव्य परत ओढून घेण्याची सोय मेंदूंत असते. पॅरॉक्सेटीनसारखीं औषधें ती वाट अडवितात. वर्षानुवर्षें वाट अडलेली राहिली कीं मेंदू आपला सर्व कारभार त्या बेतानें लावून घेतो. मग एके दिवशीं अडसर काढला तर त्या कारभाराची घडी विस्कटणारच. ती पुन्हां बसावयास वेळ लागतो. जें औषध रक्तांतून लवकर ओसरतें त्याचा त्रास अधिक. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन त्यांतलीं. फ्लुऑक्सेटीन आठवडेच्या आठवडे शरीरांत रेंगाळतें, म्हणून तें सोडतांना त्रास बहुधा कमी. मिर्टाझापीनचें काम निराळ्या मार्गानें चालतें; तें जुन्या औषधाची जागा भरून काढीत नाहीं. 'नवें आलें, जुनें गेलें' हें माझें गणित चुकलें तें येथेंच.

ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. नैराश्यावरील इमिप्रामीन या औषधाचा गुण रोलांड कून या स्विस डॉक्टरांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केला, आणि तें बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद १९५९ सालींच झाली. तरीहि हा त्रास सौम्य असतो, आठवडाभरांत आपोआप जातो, असेंच पुष्कळ वर्षें सांगण्यांत येई. इंग्लंडांतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनें आणि तेथील सरकारी मार्गदर्शिकेनें २०१९ सालीं आपलें म्हणणें दुरुस्त केलें: कित्येकांस हा त्रास तीव्र होतो आणि आठवडे, क्वचित् महिनेहि, टिकतो.

तथापि कोणी घाबरून जाऊं नये. जर्मनींतील संशोधकांनीं २०२४ सालीं अनेक अभ्यास एकत्र तपासले. औषध सोडणाऱ्यांपैकीं सुमारें ३१ टक्क्यांना कांहीं ना कांहीं त्रास झाला. पण ज्यांना औषध म्हणून निव्वळ निर्गुण गोळी दिली होती, त्यांतील १७ टक्क्यांनींहि ती सोडल्यावर तशीच तक्रार केली. म्हणजे खरोखर औषध सुटल्यामुळें त्रास होणारे सहा-सातांत एक, आणि तीव्र त्रास होणारे त्याहून पुष्कळ कमी. मात्र त्यांतील बरेच अभ्यास थोड्या महिन्यांच्या वापराचे होते. माझ्यासारख्या अकरा वर्षांच्या गिऱ्हाइकानें अधिक जपावें हें बरें.

दुखणें परतलें कीं औषध सुटल्याचा क्षोभ, हें ओळखावें कसें? तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, काळ: क्षोभ मात्रा घटविल्यावर बहुधा कांहीं दिवसांतच सुरू होतो, दुखणें सहसा आठवड्या-महिन्यांनीं, दबक्या पावलांनीं येतें. दुसरी, लक्षणें: डोक्यांतील विजेची चमक, घेरी, मळमळ हीं मूळच्या दुखण्यांत नव्हतीं. तिसरी, उतार: पूर्वीची मात्रा दिली कीं क्षोभ दोन-चार दिवसांत शमतो, दुखण्याला आठवडे लागतात. आणि व्यसनाचें म्हणाल, तर मला त्या गोळीची कधीं तल्लफ आली नाहीं, कीं एकीच्या दोन घ्याव्या असें वाटलें नाहीं. शरीराला संवय होणें निराळें आणि व्यसन निराळें. हें मीं मेहुण्यांना सांगितलें, आणि त्यांनीं तें मान्य केलें.

पण दुखणें परततच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. २०२१ सालीं इंग्लंडांत ४७८ रुग्णांवर झालेल्या एका चाचणींत, औषध चालू ठेवणाऱ्यांपैकीं वर्षभरांत ३९ टक्के पुन्हां आजारी पडले. हळूहळू सोडणाऱ्यांपैकीं ५६ टक्के. म्हणून सोडावें कीं चालू ठेवावें, हा प्रश्न अभिमानाचा नव्हे, विचाराचा आहे. जन्मभर गोळी घेणारा दुबळा नाहीं, आणि सोडणारा शूरहि नाहीं.

आतां माझ्या आवडीचें गणित. सिटालोप्राम हें याच कुळांतील औषध घ्या. वर सांगितलेली मेंदूंतील वाट २० मिलिग्रॅमनें सुमारें ८० टक्के अडते. मात्रा निम्मी, म्हणजे १० केली, तर ७० टक्के. ५ केली तरी सुमारें ६० टक्के. म्हणजे पहिले पंधरा मिलिग्रॅम काढले तेव्हां वीस टक्क्यांचा फरक पडला. उरलेले पांच एकदम काढले तर साठ टक्क्यांची खोल उडी! लंडनमधील हॉरोविट्झ आणि टेलर या दोघांनीं हा हिशेब २०१९ सालीं मांडला. त्याचा अर्थ असा कीं, जिना उतरतांना शेवटच्या पायऱ्या सर्वांत उंच असतात. प्रत्येक वेळीं सारखी वजाबाकी करूं नये. जी मात्रा उरली आहे तिचा कांहीं हिस्सा घटवावा, आणि शेवटीं शेवटीं तर फारच थोडा.

माझा उतार २० वरून १५, मग १०, साडेसात, ५, अडीच, आणि त्याखालची पायरी डॉक्टरांनीं ठरविली तशी झाला. मिर्टाझापीन मध्यंतरीं हळूहळू वाढलें. यास चौदा महिने लागले. पांचावर असतांना पुन्हां घेरी आली. तेव्हां साडेसातावर परत जाऊन महिनाभर थांबलों. मागें येणें म्हणजे नापास होणें नव्हे. एका वहींत तीन रकाने आंखले: मात्रा, झोंप, आणि दिवस कसा गेला. 'मी खचलों' असें वाटे त्या दिवशीं मागचीं पानें पाहिलीं कीं कळे, महिन्यापूर्वीं याहून वाईट होतें, आणि तेंहि गेलें.

कांहीं सूचना थोडक्यांत देतों. एक दिवसाआड गोळी घेऊन मात्रा कमी करूं नये. लवकर ओसरणाऱ्या औषधांत त्यानें रोज चढउतार होतो. सावकाश विरघळणारी म्हणून बनविलेली गोळी मोडूं नये. घरांत लग्न किंवा स्थलांतर असेल त्या महिन्यांत पायरी उतरूं नये. प्रवासांत गोळ्या हाताशीं असाव्या. औषध बदलतांना दोन औषधांमध्यें किती दिवस जाऊं द्यावयाचे, तें डॉक्टरांकडून लिहून घ्यावें. कांहीं जोड्यांत तें अंतर दोन आठवड्यांचें, आणि फ्लुऑक्सेटीननंतर कधीं पांच आठवड्यांचेंहि असतें. ट्रॅमाडॉल हें वेदनेवरील औषध आणि डेक्स्ट्रोमिथॉर्फन असलेलें खोकल्याचें औषध हीं न विचारतां घेऊं नयेत. ताप, कंप, स्नायूंना आंचके आणि भ्रम असें एकदम दिसूं लागलें, तर तडक रुग्णालय गांठावें.

घरच्या माणसांस माझी एवढीच विनंती. या काळांत तुमचा माणूस चिडेल, रडेल. त्याला 'मन घट्ट कर' असें सांगूं नका. 'जुनी गोळी शेवटची केव्हां घेतलीत?' असें विचारा. आणि जगण्याचा कंटाळा त्याच्या बोलण्यांत आला, तर सकाळची वाट पाहूं नका. टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ सालीं सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रींहि आपल्या भाषेंत बोलतां येतें.

मिर्टाझापीनची गोळी मी आजहि घेतों. ती कपड्यांखालीं नसते. जेवणाच्या मेजावर, पत्नीच्या रक्तदाबाच्या गोळीशेजारीं असते. परवां नातवानें विचारलें, "आजोबा, ही कशाची गोळी?" मीं सांगितलें, "मनाची." तो "बरं" म्हणाला आणि वरणभात कालवूं लागला.