चावी कुणाकडे आहे?

(नेरुळ येथे तरुण कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या सत्रात संविधानावर इतकं चांगलं बोलणं झालं, आणि आता जेवणानंतर मी लॅपटॉपच्या अपडेटवर बोलणार आहे. म्हणजे बिर्याणी झाल्यावर कुणी पाण्याची टाकी कशी धुवायची ते सांगायला उभं राहावं, तसं आहे हे. पण टाकी साफ नसेल तर बिर्याणीही शिजत नाही, म्हणून अर्धा तास द्या.

मी वाशीच्या मार्केटात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. संध्याकाळी सात ते नऊ आम्ही चार-पाच जण तळोज्यात एका खोलीत मदत केंद्र चालवतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, पोटगीच्या केसची कागदपत्रं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे नावांच्या दुरुस्त्या. एका कागदावर रजिया, दुसऱ्यावर रझिया. एकीकडे शेख, दुसरीकडे शैख. तुम्हाला हसू येतंय, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच आहे. एकेक कागद स्कॅन करून आम्ही प्रत्येक घराचं एक फोल्डर करतो. हे सगळं एका लॅपटॉपवर होतं. वर्गणी काढून घेतलेला लॅपटॉप. दुकानदार भला माणूस. म्हणाला, ताई, तुम्ही काळजी करू नका, सगळं सेट करून देतो. आम्हीही खूश झालो.

दोन वर्षांपूर्वीची जुलैमधली संध्याकाळ. बाहेर पाऊस, आत पाच-सहा बायका रांगेत. स्क्रीनवर एक चौकट आली: महत्त्वाचं बायोस अपडेट उपलब्ध आहे. मी रोजच्यासारखं ‘ओके’ दाबलं. स्क्रीन काळी झाली. पंखा रिक्षासारखा घरघरायला लागला. लॅपटॉप दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला. मग निळी स्क्रीन आली आणि तिने ४८ आकड्यांची एक चावी मागितली. मी जन्मात ती चावी पाहिली नव्हती. मला वाटलं, व्हायरस शिरला.

पुढचे आठ दिवस सांगते. पहिल्या ठिकाणी सांगितलं, मदरबोर्ड गेला, चौदा हजार होतील. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, मशीन वॉरंटीच्या बाहेर आहे, नवीनच घ्या. तिसरा एक म्हातारा कारागीर होता. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, बोर्ड ठणठणीत आहे, अपडेटही नीट झालंय. फक्त कुलूप लागलंय. चावी कुणाकडे आहे?

हाच प्रश्न आम्ही दुकानदाराला विचारला. त्याने लॅपटॉप सुरू करून देताना स्वतःच एक ईमेल खातं उघडलं होतं. असं तो कित्येक गिऱ्हाइकांना करून द्यायचा. पासवर्ड आठवत नाही, खात्याला जोडलेलं सिमकार्ड कधीच बंद झालेलं. चावी त्या खात्यात होती, आणि ते खातं कुणाचंच नव्हतं. शेवटी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं. एका पेन ड्राइव्हवर मार्चपर्यंतची प्रत होती. त्यानंतरची तेवीस घरं गेली.

त्या तेवीस घरी आम्ही पुन्हा गेलो. बहुतेकांनी समजून घेतलं. एका खालाने कागदांची पिशवी परत पुढे ठेवली आणि म्हणाली, “बेटा, कागद परत देते. पण सरकारी ऑफिसात हरवले तर आम्ही तुमच्याकडे येतो. तुमच्याकडून हरवले तर कुणाकडे जायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका मुलीच्या शिष्यवृत्तीची तारीख त्या आठवड्यात निघून गेली. तिचं ते वर्ष आम्ही भरून देऊ शकलो नाही. म्हणून मी आज इथे उभी आहे.

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ.

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी विंडोज जागं होत नाही. मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, तिच्यात लिहिलेला प्रोग्राम आधी जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. आपण सवयीने बायोस म्हणतो, नव्या यंत्रांत त्याचं नाव यूईएफआय आहे. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि मग विंडोजला हाक मारतो. विंडोज बिघडलं तर पुन्हा टाकता येतं. ही चिप लिहिता लिहिता वीज गेली, तर मशीनला उठायचं कसं हेच आठवत नाही. म्हणून हे अपडेट बाकीच्या अपडेटांसारखं नाही.

मग चावी का मागितली? बिटलॉकर नावाची सोय डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवते. विंडोज ११ असलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की हे कुलूप बहुधा आपोआप लागतं. त्याची रोजची चावी टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपकडे असते. लॅपटॉप सुरू होताना ती पाहते, की फर्मवेअर कालचंच आहे ना? तसंच असेल तर गुपचूप कुलूप उघडते. बदललेलं दिसलं तर उघडत नाही. बदल चोराने केला की कंपनीने, हे तिला कळत नाही. ती फक्त म्हणते, मालक असाल तर दुसरी चावी दाखवा. चांगल्या अपडेटमध्ये हे कुलूप आधी थोडा वेळ थांबवून ठेवलेलं असतं, पण दर वेळी ते होतंच असं नाही. आणि ही दुसरी चावी हरवली, तर मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही.

कुणी म्हणेल, मग अपडेट करायचंच नाही. आमच्या केंद्रातल्या पोरांनीही तेच ठरवलं होतं. तेही चूक आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष जगाला कळले. ते झाकायला फर्मवेअरमधूनही दुरुस्ती द्यावी लागली. पण पहिल्या दुरुस्तीने काही मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागली, आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलने सांगितलं की ही आवृत्ती वाटणं थांबवा. महिनाही झाला नव्हता. म्हणजे दोषही खरा, औषधही खरं, आणि औषधाची रिअॅक्शनही खरी. लिनक्सवाल्यांनी हसू नये. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० मुळे लेनोवोच्या काही लॅपटॉपचं बायोस बिघडलं आणि ती आवृत्ती काही काळ मागे घ्यावी लागली.

आता आपल्या दाराशी या. इथून उलव्याच्या पुढे गेलात की न्हावा शेवा, तेव्हाचं जेएनपीटी. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून झाली. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेटमध्येच विष मिसळलं होतं. लोकांनी रोजच्यासारखं अपडेट घेतलं आणि त्यांची मशीन गेली. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि त्यांच्या समूहाकडे असलेलं न्हावा शेव्याचं टर्मिनल ठप्प झालं. हिशेबाचं सॉफ्टवेअर कीव्हमधलं, आणि कंटेनर अडकले उरणमध्ये. ते फर्मवेअर नव्हतं, हे खरं. पण ‘ओके’ दाबणारं बोट तेच.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मर्स्कच्या जाळ्याचा कणा असलेल्या नोंदींची जगभरातली प्रत्येक प्रत पुसली गेली होती. एकच वाचली, घानामधली. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! त्या एका प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करता आलं. पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर त्यांनी नव्याने बसवले. लाइट गेल्याबद्दल शुक्रिया म्हणायची वेळ रोज येत नाही. तेव्हा एक प्रत नेहमी वायर काढून, बाजूला ठेवा.

१९ जुलै २०२४ तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय सोपा होता, एक फाइल काढायची. पण कितीतरी ऑफिसांत तो करता येईना, कारण मशीनने आधी बिटलॉकरची चावी मागितली. मोठमोठ्या कंपन्यांतही तोच प्रश्न उभा राहिला, चावी कुणाकडे आहे?

आता आमच्या केंद्रातल्या भिंतीवर जे लिहून लावलंय ते सांगते. फोनमध्ये टिपून घ्या.

पहिलं. आज घरी गेल्यावर लॅपटॉप कोणत्या खात्यावर आहे ते बघा. दुकानदाराच्या, चुलतभावाच्या, जुन्या ऑफिसच्या खात्यावर असेल तर आपल्या खात्यावर घ्या. मग मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर रिकव्हरी की शोधा, कागदावर लिहा आणि घरच्या कागदांच्या पेटीत ठेवा. सोबत तिचा की आयडीही लिहा. निळ्या स्क्रीनवर तोच आयडी दिसतो, त्यामुळे कुठली चावी लावायची ते कळतं. आणि कृपा करून ती चावी त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवू नका. आमच्या एकाने ठेवली होती.

दुसरं. अपडेटआधी दोन प्रती काढा. एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या ठिकाणी. लोकांची कागदपत्रं असतील तर त्या प्रतीलाही पासवर्ड हवा.

तिसरं. बायोसचं अपडेट कंपनीच्या साइटवरूनच घ्या, लॅपटॉपच्या मागचा नेमका मॉडेल नंबर टाकून. यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून घेऊ नका. विंडोज प्रो असेल तर आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. होम आवृत्तीत तो पर्याय सहज दिसत नाही, तिथे चावी हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका.

चौथं. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, आणि घाई नसलेला दिवस निवडा. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री नाही, पावसात लाइट ये-जा करत असताना तर नाहीच. स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. घाबरून पॉवरचं बटण दाबून धरू नका. बरीच मशीन अपडेटने मरत नाहीत, मधेच बंद केल्याने मरतात.

पाचवं, नंतर काही बिघडलं तर. अपडेटनंतर काही मशीनमध्ये सेटिंग मूळपदावर जातात. डिस्क सापडत नाही असं आलं तर डिस्क गेली असं लगेच समजू नका. बायोसमध्ये स्टोरेजची पद्धत एएचसीआय आणि रेडमध्ये बदलली आहे का ते पाहायला सांगा. मशीन अजिबात उठत नसेल तर अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बायोस रिकव्हरीची सोय असते, पेन ड्राइव्हवरून. तेही नाही झालं तर जाणता कारागीर प्रोग्रामर लावून ती चिप पुन्हा लिहू शकतो. मदरबोर्ड बदलायला हो म्हणण्याआधी एवढं विचारा, चिप लिहून पाहिली का?

सहावं, हक्काचं. दुरुस्तीला देताना लेखी जॉबशीट घ्या, त्यावर तारीख आणि ‘अपडेटनंतर बिघाड’ हे शब्द लिहून घ्या. डेटा पुसायला परवानगी नाही, हेही लिहा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. इतरांच्या हक्कांचे अर्ज आपण रोज भरतो. आपला स्वतःचा एक भरायला लाजू नका.

शेवटचं बोलते. आमची पहिली प्रतिक्रिया काय होती माहीत आहे? दुकानदाराला शिव्या, कंपनीला शिव्या. काही त्यांच्या वाट्याच्या होत्याही. पण ‘सगळं सेट करून देतो’ म्हटल्यावर मान कुणी डोलावली? आम्हीच. बायकांना आम्ही सांगत होतो, निकाहनाम्याची प्रत तुमच्याजवळ ठेवा, न वाचता सही करू नका. आणि आम्ही स्वतः न वाचता ‘ओके’ दाबत होतो, आणि आमच्या घराची चावी दुसऱ्याच्या खिशात होती.

लोकांचा कागद आपल्याकडे येतो तेव्हा तो अमानत असतो. हा शब्द तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. फोल्डर झाला, स्कॅन झाला म्हणून ती अमानत हलकी होत नाही.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा आली, धाकट्या भावाचा अर्ज घेऊन. माझा लॅपटॉप सुरू होईपर्यंत उभी राहिली आणि हळूच विचारलं, “आपा, या वेळी चावी आहे ना?” मी पेटी उघडून तिला कागद दाखवला. मग ती बसली.

आज रात्री तुम्हीही तो कागद लिहा.